मुनिरक्यातले समुद्रवाले

आमच्या वर राहणाऱ्या भावजींच्या घरात भिंतीवर समुद्राचे फोटो होते. अलिबाग, गणपतीपुळे, पुरी, कन्याकुमारी. प्रत्येक फोटोत त्यांची बायको सुलभा कॅमेऱ्याकडे बघून हसतेय आणि शेजारी हे समुद्राकडे तोंड करून उभे. म्हणजे आपल्याला दिसतं ते फक्त त्यांचं डोकं, मागून. पहिल्या फोटोत केस भरपूर, शेवटच्या फोटोत टक्कल.

"समुद्राकडे पाठ करायची नाही, वहिनी," ते म्हणायचे. "लाट सांगून येत नाही."

"मग फोटो कशाला काढता?"

"गेलो होतो याचा पुरावा नको?"

सरकारी नोकरीतली माणसं पुरावे जमवतात, सवयच असते. सुलभा सांगायची की लग्नानंतर अलिबागला गेले तेव्हा परत निघताना हे वाळूतून उलटे चालत निघाले आणि वाटेत एका नारळपाणीवाल्याच्या गाडीवर जाऊन बसले. बसले म्हणजे आदळले. शहाळी गडगडत पाण्यात गेली. नारळवाला शिव्या देत होता आणि हे त्याला सांगत होते की तू गाडी भरतीच्या रेषेच्या आत लावली आहेस.

दिल्लीत मुनिरक्याच्या डीडीए फ्लॅटमध्ये आम्ही खाली आणि ते वर, गच्चीला लागून. त्याच्या आधी आर. के. पुरमला सरकारी क्वार्टरमध्येही शेजारी होतो. माझे यजमान आणि ते एकाच बसने ऑफिसला जायचे, म्हणून मी त्यांची वहिनी. आता ते दिल्लीत नाहीत. मध्यंतरी गेले. म्हणजे वारले नाहीत, अकोल्याला गेले. लोक लगेच चेहरा पाडतात म्हणून सांगितलं. मूळचे अकोल्याचेच. अकोल्याला समुद्र नाही, दिल्लीलाही नाही, आणि त्यांना पोहता येत नव्हतं. असा माणूस परदेशातल्या निर्जन किनाऱ्यावर तंबू ठोकून कसं राहावं यावर कुणालाही, कधीही, न विचारता शिकवायचा.

त्याला कारण होतं त्यांची नोकरी. परदेशात आपल्या माणसाचं काही बरंवाईट झालं की कागद ज्या टेबलांवर येतात, त्यातलं एक टेबल त्यांचं. गाड्यांचे अपघात दुसऱ्याकडे, आजारपणं तिसऱ्याकडे. यांच्याकडे समुद्रकिनारे. समुद्रच का, तर आधीचा माणूस बदलून गेला आणि त्याची कपाटं यांच्या वाट्याला आली. रिटायर झाल्यावर कपाटं ऑफिसात राहिली, पण कपाटांतलं सगळं डोक्यात बसून घरी आलं.

कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, यांचं कुणीतरी बुडालं असणार. भाऊ असेल, पहिली बायको असेल. दबक्या आवाजात बोलायच्या. मला दबक्या आवाजाचा कंटाळा आहे. एक दिवस जिन्यात सरळ विचारलं, "भावजी, तुमचं कुणी बुडालंय का?"

"नाही हो वहिनी. आमच्याकडे सगळे मधुमेहाने जातात."

विषय संपला. बायकांना सांगितलं तर त्या नाराज झाल्या.

रिटायर झाल्यावर पहिलं काम त्यांनी हे केलं की कुठल्याशा बांधकामावरून वाळूची पोती गच्चीवर आणवली, ती पसरली आणि वर तंबू लावला. वाळूत खुंट्या टिकत नाहीत, पिशवीत वाळू भरून ती पिशवी पुरायची आणि तिला दोरी बांधायची, हे त्यांना आपल्या हाताने करून बघायचं होतं. कॉलनीतल्या मांजरांनी त्या वाळूचा जो उपयोग करायचा तो केला. मे महिन्यात दिल्लीची आंधी आली. पिशव्या पुरलेल्या होत्या त्या जागच्या जागी राहिल्या, पण दोरीची गाठ सुटली आणि तंबू आतल्या गादीसकट उडाला. मागच्या जुन्या मुनिरका गावाच्या बाजूला ज्या जाट चौधरींची घरं आहेत, त्यातल्या एकाच्या छतावर जाऊन पडला. चौधरी संध्याकाळी गुंडाळी खांद्यावर टाकून आला.

"भाईसाहब, आपका मकान उड़ के हमारी छत पे आ गया था. एक रात का किराया लगेगा."

हे खूश. "देखा? पिशवी नहीं हिली! गांठ की गलती है." चौधरीला बसवून चहा दिला आणि गाठ मारायला शिकवलं. चौधरीने ती गाठ म्हशीसाठी वापरली आणि ती बरी निघाली असं तो सांगत असे.

थंडीत त्यांचा जाच आमच्या चौकीदाराला. दिल्लीत दर थंडीला कुणीतरी बंद खोलीत अंगीठी, म्हणजे कोळशाची शेगडी, घेऊन झोपतं आणि सकाळी उठत नाही. हे मफलर गुंडाळून चौकीदाराच्या केबिनपाशी जायचे आणि दार सताड उघडून टाकायचे.

"साब, ठंड से मार डालोगे," चौकीदार ओरडायचा.

"ठंड से काँपोगे. मरोगे अंगीठी से. टेंट में भी यही होता है."

"मैं कौन से टेंट में हूँ, साब?"

दाराला वीट लावून ते निघून यायचे.

आर. के. पुरमच्या आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी त्यांना 'प्रवास' या विषयावर बोलायला सांगितलं. लोकांना वाटलं काशी-रामेश्वर सांगतील. यांनी स्टेजवर, गणपतीच्या डाव्या हाताला, तंबू उभा केला. वारा सुटला तर आतून चेन कशी लावायची हे दाखवायला आत गेले आणि चेन लावली. मग ती उघडेना. थोडा वेळ तंबू हलत राहिला, आतून भाषण चालूच होतं. भरती, ओहोटी, अमावस्या, पौर्णिमा. सेक्रेटरीने बघितलं की आरतीची वेळ टळतेय, त्याने आरती सुरू केली. तंबूतून हे पण म्हणू लागले. टाळ्या वाजवायला आत जागा नव्हती म्हणून कापडावर थापा मारत होते. आरती झाल्यावर एका मुलाने प्रसादाची सुरी आणून तंबू फाडला, तेव्हा घामाने निथळत बाहेर आले आणि पहिलं वाक्य, "म्हणून चाकू नेहमी आत ठेवायचा."

त्या वर्षी लोक हसले ते अजून हसतायत. पण त्यानंतर मंडळातल्या कुणाचा मुलगा किंवा मुलगी बाहेरदेशी फिरायला निघाली की आईबाप त्यांना यांच्याकडे पाठवायला लागले. मुलं तोंड वाकडं करून यायची. हे टेबलावर चिवड्याची एक रेघ ओतायचे आणि म्हणायचे, "हा किनारा. हे वाहून आलेलं शेवाळ, काटक्या, बाटल्या. तंबू कुठे लावशील?" मुलगा तंबू म्हणून वाटी उचलून चिवड्याच्या समुद्राकडच्या बाजूला ठेवायचा, कारण तिथून समुद्र छान दिसतो. हे तांब्याभर पाणी टेबलावर सोडायचे. ते मुलाच्या पँटवर जायचं, सोफ्यावर जायचं.

"काटक्या तिथपर्यंत कुणी नेल्या? चालत गेल्या?"

सुलभा फडकं घेऊन उभीच असायची. "एखाद्याला तोंडी सांगा की," ती म्हणायची. सोफ्याचं कापड तिने तीनदा बदललं.

कोरडी नदी समजावायची पद्धतही तशीच. माझी नात केतकी नोकरीला लागल्यावर तिला त्यांनी एकदा खाली अंगणात पाइपाच्या तोंडाशी उभं केलं. लख्ख ऊन होतं. "आकाशात ढग आहे?" "नाही काका." तेवढ्यात वरून सुलभाने कपड्यांचं पाणी ओतलं. "डोंगरात पाऊस पडतो, वाळवंटात माणूस बुडतो," हे म्हणाले. केतकी निळीच्या पाण्यात भिजून घरात आली. "आजी, यार, हे काका बिल्कुल वेडे आहेत." मी म्हटलं, आहेतच. पण नदीच्या कोरड्या पात्रात झोपू नये हे ती आता विसरणार नाही, हेही मला दिसत होतं.

याच केतकीचं ओमानला जायचं ठरलं. गुडगावच्या ऑफिसातली मैत्रीण आणि ती. माझा मुलगा आणि सून नीता, दोघांना तिने सांगितलं की मस्कतला मैत्रिणीच्या मावशीकडे उतरणार. आमच्याकडे मुलींच्या सगळ्या सहलींत अशी एक मावशी असते. लोणावळ्याला असते, मनालीला असते. मला संशय होता पण मी काही बोलले नव्हते.

निघायच्या आधीच्या रविवारी केतकी गच्चीवर काकांकडून तंबू लावायला शिकत होती. मी पाण्याच्या टाकीमागे उन्हाला बसले होते, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"घरी काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"मैत्रिणीच्या मावशीकडे."

"मावशी आहे?"

"नाही."

त्यांनी हातातली दोरी खाली टाकली. "मग जाऊ नकोस. गेलीस तर माझ्याकडून शिकून जाऊ नकोस."

"काका, चिल. आईला तंबू सांगितला तर ती पासपोर्टच लपवेल. आणि दोन मुलं पण आहेत बरोबर."

"मला मुलांशी कर्तव्य नाही. मावशीमुळे माणसं मरतात."

"म्हणजे?"

"म्हणजे शोधणारे मावशीकडे जातात! बाप सांगतो मुलगा शहरात हॉटेलात आहे. दोन दिवस सगळी हॉटेलं धुंडाळतात. आणि पोरगं कुठल्या खडकावर वाट बघत बसलेलं असतं. लाट, विंचू, शार्क काही नाही. थाप. माझ्या कपाटांत सगळ्यात जास्त काय होतं माहितेय? थापा."

केतकीने खाली पडलेली दोरी उचलून गुंडाळायला घेतली. मग हे म्हणाले, "घरातल्या एका माणसाला खरं माहीत हवं. एकाला. कुठे, कुणाबरोबर, गाडी कुठली. जो रोज सकाळी तुझ्या निरोपाची वाट बघेल. कोण आहे असं?"

मी टाकीमागून उठले. केतकीचा चेहरा चुन्यासारखा झाला.

"मला सांग," मी म्हटलं. "कुठे झोपणार?"

तिने फोनवर नकाशा दाखवला. मस्कतच्या खूप खाली, एकीकडे डोंगर, एकीकडे पाणी, मध्ये नखाएवढी वाळू. काकांनी जागा बघितली, रस्ता बघितला, गाडीचा नंबर आला की आम्हा दोघांना पाठव म्हणाले.

"आजी, तू आईला सांगणार."

"विचारलं तर सांगेन. मी खोटं बोलणार नाही. पण तुझी आई मला काही विचारतच नाही, त्यामुळे घाबरू नकोस."

ठरलं असं की रोज सकाळी उठल्यावर केतकीने आम्हा दोघांना निरोप टाकायचा. नाही आला, तर दुपारच्या जेवणापर्यंत थांबायचं. मग घरात सांगायचं आणि मग ते पुढचे फोन करणार. जेवणापर्यंत का, तर मुलं उशिरा उठतात, असं ते म्हणाले.

पहिले दिवस बरे गेले. 'उठलो.' 'उठलो, मासे खाल्ले.' रविवारी काही आलं नाही.

हे आंघोळ न करता खाली आले. मी त्यांना स्वयंपाकघरात बसवलं आणि मटार पुढ्यात टाकले, नाहीतर ते घरभर फिरले असते. मटार सोलता सोलता त्यांच्या तोंडून एकेक कपाट उघडायला लागलं. उलटा ओढणारा प्रवाह. डोंगरातला पाऊस. तंबूत नेलेली शेगडी. दाणे सालात टाकत होते आणि सालं पातेल्यात.

नीता आत आली. "काका आज इथे?"

"मटार सोलतायत," मी म्हटलं.

"अच्छा," ती म्हणाली आणि गेली. मी म्हटलं ना, ती मला काही विचारत नाही.

"वहिनी, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. सालं काढा त्या पातेल्यातून."

दुपारी पानं वाढली. मुलगा बसला, नीता बसली. मी उभ्यानेच सांगितलं, "केतकी मावशीकडे नाही. मावशी नाहीच. ती समुद्रावर तंबूत आहे. दोन मुली, दोन मुलं. आज सकाळपासून निरोप नाही."

"दोन मुलं?" नीता म्हणाली.

"कोण मुलं?" माझा मुलगा म्हणाला.

"एकाच तंबूत?" नीता.

"आई, तुला माहीत होतं? आणि काका, तुम्ही? तुम्हीच तिच्या डोक्यात हे भरवलंत!"

"मी तुला आधीच म्हटलं होतं, तो ऑफिसातला मुलगा सारखा फोन करतो—"

"तू कधी म्हटलंस?"

दोघांचं जुंपलं. मुलगी समुद्रावर आणि भांडण मुलांवर. तेव्हा हे उठले. जन्मात त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला नव्हता, तंबूतून भाषण करतानाही नाही.

"आधी ठिकाण!" टेबलावर हात आपटून ओरडले. "आधी ठिकाण, मग चारित्र्य!"

त्यांनी फोन काढला. त्यांच्या हाताखाली काम केलेला एक जण आता मस्कतच्या आपल्या वकिलातीत होता, त्याला लावला. तो बहुधा हॉटेलचं नाव विचारत होता, कारण हे म्हणाले, "नो हॉटेल. लिहून घे." जागा सांगितली, रस्ता सांगितला, गाडीचा नंबर, रंग, चौघांची नावं. न अडखळता. तिथल्या किनाऱ्याच्या पोलिसांची चौकी कुठल्या बाजूने जवळ पडेल तेही यांनीच सांगितलं. फोन ठेवला आणि खिशातून पेन काढून नीताकडे वळले.

"उंची?"

"पाच फूट तीन," नीता म्हणाली.

"अंगावर काही खूण? तीळ, जुनी जखम?"

"डाव्या खांद्यावर तीळ आहे. आणि लहानपणी झोक्यावरून पडली होती, हनुवटीला—" आणि तिथे ती थांबली. जिवंत माणसाला स्वतःचं नाव सांगता येतं. तिळाची चौकशी कुणासाठी करतात, ते तिच्या लक्षात आलं. ती खुर्चीत बसली होती ती तशीच खाली घसरली. माझ्या मुलाने तिला धरलं.

"भावजी," मी म्हटलं, "ते पेन खिशात ठेवा."

"सवय हो वहिनी," ते म्हणाले. कान लाल झाले होते. "चूक झाली. सवय."

मुलगा त्यांच्याकडे बघत नव्हता. सुलभा खाली आली, तिने नीताला पाणी दिलं, नवऱ्याला दिलं नाही. वाढलेली पानं तशीच राहिली. हे दाराजवळ स्टुलावर बसले, जाऊ की थांबू असं करत. मी पाहिलं, त्यांच्या हातात मटाराचं एक साल होतं, ते मघापासून तसंच.

उन्हं कलल्यावर फोन वाजला. बाहेरदेशचा नंबर. माझ्या मुलाने स्पीकर लावला.

"हॅलो? बाबा?"

केतकी होती. पोलिसाच्या फोनवरून बोलत होती. तंबू त्यांनी बरोबर वर लावला होता. गाडी खाली पाण्याजवळ ठेवली होती, तिथे बसून गाणी ऐकता यावीत म्हणून, आणि चौघांचे फोन गाडीतच चार्जिंगला. पहाटे भरती आली. गाडी वाळूत बसली, फोन गेले आणि वाळूच्या दोन्ही टोकांना पाणी डोंगराला टेकलं, बाहेरची वाट बंद. प्यायचं पाणी गाडीतच राहिलं. एका मुलाचा पाय शिंपल्याने कापला होता, रक्त थांबत नव्हतं, म्हणून ओहोटी लागल्यावरही चालत निघता येईना. तिथून रस्ता दिसत नाही आणि रस्त्यावरून ते दिसत नाहीत. पोलिसांची जीप सरळ तिथेच आली म्हणून सापडले. संध्याकाळची भरती अजून यायची होती.

"आजी आहे का?" केतकीने हळूच विचारलं. "आजी, आईला नाही ना सांगितलंस?"

"तुझी आई इथेच आहे," मी म्हटलं. "बोल."

नीताने फोन ओढून घेतला. मला वाटलं रडेल. ती कडाडली. मावशी कोण, मुलं कोण, आईबाप मेले होते का, लाज आहे का. केतकीचं आधी 'सॉरी, सॉरी' चाललं होतं. मग तिचाही तोल सुटला. "खरं सांगितलं असतं तर पाठवलं असतंस? कधी पाठवलं आहेस?" नीता म्हणाली, उलट बोलू नकोस. केतकी म्हणाली, बोलणार. दोघींचा आवाज जिन्यात जात होता.

सुलभाने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला. "चला वर. त्यांच्या घरचं भांडण आहे."

ते उठले, पण दारातच उभे राहिले.

"थांब गं," म्हणाले. "ऐकू दे. एवढी वर्षं माझ्या कपाटांत आले त्यातलं कुणी..." आणि माझ्याकडे बघून त्यांनी फोनकडे बोट केलं. "वहिनी, ऐकताय? उलट बोलतेय."

मी ऐकत होते. आमच्या घरात उलट बोललेलं चालत नाही. पण त्या दिवशी दुसऱ्या कुणी तिला गप्प बस म्हटलं नाही. माझा मुलगा खाली मान घालून बसला होता, नीता ओरडत होती, तिकडून पोरगी तिच्या वर आवाज काढत होती, आणि हे आमच्या उंबऱ्यात उभे राहून, गाणं ऐकावं तसं, डोळे मिटून ते सगळं ऐकत राहिले.